जिप्सी-जीपची बॅटरी पुन्हा पुन्हा बसते? नवी घेण्याआधी अर्थची वायर तपासा

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की माझा फोन एकाच तक्रारीने वाजायला लागतो. १ ऑक्टोबरला पेंच व्याघ्र प्रकल्पाचं गेट पावसाळ्यानंतर सफारीसाठी उघडणार, जिप्सी जुलैपासून शेडमध्ये उभी, आणि आता किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक’. “भाऊ, मागच्याच दिवाळीले नवी टाकली होती बॅटरी, थे बी बसली. दुसरी आणून ठेवू काय?” मी म्हणतो, आणू नका. आधी मीटर लावू.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी नागपुरात जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप आणि थार यांच्या वायरिंगचं काम करतो. सफारीच्या गाड्या येतात, शेतावरच्या येतात, सुट्टीच्या दिवशी रामटेककडच्या कच्च्या रस्त्यांवर चिखलात घालायच्या हौशी गाड्याही येतात. बॅटरी बसली म्हणून आलेल्या यातल्या बहुतेक गाड्यांची बॅटरी दोषी नसते. दोष असतो अर्थच्या वायरीत (बॅटरीच्या निगेटिव्हला इंजिन-बॉडीशी जोडणारी, करंटची परतीची वाट), नाहीतर गाडी बंद असताना चोरून करंट खाणाऱ्या एखाद्या वस्तूत. नवी बॅटरी टाकली की काही महिने गाडी चालते, म्हणून माणसाला वाटतं रोग गेला. रोग तिथेच असतो आणि तो नवी बॅटरीही खातो. चार-पाच हजार रुपये असे वाया जाताना मी फार वेळा पाहिले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो.

लक्षणं नीट ऐका

सकाळी किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येतं ते आधी लक्षात घ्या. ‘टक-टक-टक-टक’ असा भरभर आवाज आला तर सोलेनॉइडला (सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, बॅटरीशी जोडणारा चुंबकी स्विच) पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. तो ओढला जातो, सुटतो, पुन्हा ओढला जातो. एकच ठसठशीत ‘टक’ येऊन सगळं गप्प झालं तर सोलेनॉइड ओढला गेला, पण सेल्फच्या मोटरला मोठा करंट मिळाला नाही. सेल्फ रडतरडत, दमल्यासारखा फिरला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे किंवा बॅटरी खरंच कमी आहे. काहीच आवाज नाही, तर किल्लीच्या स्विचपासून सोलेनॉइडच्या बारीक वायरीपर्यंत बघायचं.

सेल्फशिवायही काही खुणा असतात, आणि लोक त्या सांगतच नाहीत, कारण त्यांना तो वेगळा बिघाड वाटतो. ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवेही मिणमिणतात. इंडिकेटर लावला की हेडलाइट त्याच तालात मंद-तेज होतो. हॉर्न वाजवला की डॅशबोर्डचा काटा हलतो. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा अगदी फिकट पेटलेला दिसतो. दिवसा तो दिसत नाही, संध्याकाळी सावलीत दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण: सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम होते. ही शेवटची खूण दिसली तर तिथेच थांबा, सेल्फ पुन्हा मारू नका. इंजिनची अर्थ तुटली की सेल्फचा शंभर-सव्वाशे अँपिअर करंट परतीची वाट शोधतो आणि त्या बारीक पोलादी केबलमधून बॅटरीकडे जातो. एका जीपमध्ये मी त्या केबलचं प्लास्टिकचं वेष्टण वितळून थेंब पडताना पाहिलं आहे. तिथून पेट्रोलचा पाइप वीतभर अंतरावर होता.

पहिली तपासणी: डोळे, हात आणि १० नंबरचा पाना

यात खर्च शून्य. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवा. पाना बॅटरीच्या दोन्ही टोकांना लागला तर लाल होतो, आणि कडं लागलं तर मनगट भाजतं.

टर्मिनल हाताने पिळून बघा. बॅटरीच्या खांबावर (वर निघालेल्या शिशाच्या खुंटीवर) ते केसाएवढंही फिरता कामा नये. कच्च्या रस्त्यावर गाडी दिवसभर हादरते, त्यामुळे टर्मिनलचा नट ढिला होणं हा या गाड्यांचा नेहमीचा आजार आहे. पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर खायचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने धुवा. ते पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका. खांब आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, घट्ट करा, आणि मग वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आधी आणि टर्मिनल नंतर, असं बरेच जण करतात. तसं करू नका. धातू धातूला भिडला पाहिजे.

सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला, तर ठिणगी पडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ठिणगीने बॅटरी फुटलेली मी पाहिली आहे. ॲसिड थेट डोळ्यांच्या उंचीवर उडतं.

बॅटरी पाण्याची असेल तर झाकणं उघडून बघा. पाणी प्लेटांच्या वर साधारण १० मिलिमीटर हवं. मे अखेरच्या नवतपात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी बघावं लागतं. उघडी पडलेली प्लेट वाळते आणि तेवढा भाग कायमचा मरतो. डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नको. अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा) पट्टाही याच वेळी अंगठ्याने दाबून बघा. सेंटिमीटरभर दबला तर ठीक. फार दबत असेल किंवा सकाळी चिरकत असेल तर तो घसरतो आहे आणि बॅटरी पूर्ण भरत नाही.

दुसरी: हेडलाइट लावून सेल्फ

अजूनही खर्च नाही. हेडलाइट लावा, दुसऱ्याला समोर उभं करा, सेल्फ मारा. दिवा जवळजवळ विझला तर बॅटरी रिकामी आहे किंवा तिच्या खांबाजवळच सांधा खराब आहे. दिवा तसाच लख्ख राहिला आणि सेल्फ फिरला नाही, तर बॅटरीत जोर आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाही. या दोन उत्तरांवरून पुढचा अर्धा रस्ता ठरतो. दुसरं उत्तर आलं तर बॅटरीच्या दुकानात जायचं कारणच उरत नाही.

तिसरी: जंप केबलची एक काळी वायर

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे शिकवतो, कारण यात मीटरही लागत नाही. जंप केबलची फक्त काळी वायर घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. वायरीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या धातूला, रंग नसलेल्या जाड बोल्टला. पंखा आणि पट्ट्यापासून वायर लांब ठेवा. आता सेल्फ मारा. मघाशी रडणारा सेल्फ एकदम खणखणीत फिरला, तर गाडीची मूळ अर्थ गेली आहे. यापेक्षा स्वस्त पुरावा नाही.

चौथी: मीटरचे तीन आकडे

साधा डिजिटल मल्टीमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा.

रात्रभर उभ्या गाडीत, काहीही चालू न करता: १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फसवा मोठा येतो, म्हणून सकाळचाच घ्या.

सेल्फ फिरत असताना: ९.६ च्या खाली जाऊ नये. आपल्या गरमीत चांगली बॅटरी दहाच्या वरच राहते. सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारल्यावर ८ वर आली, तर ती बॅटरी खरोखर संपली आहे. अशा वेळी नवी घ्या, मी अडवणार नाही.

इंजिन चालू, जरा रेस देऊन: १३.८ ते १४.५. तेरापेक्षा कमी असेल तर अल्टरनेटर भरत नाही. पंधराच्या वर गेला तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरी उकळवतो आणि पाणी पुन्हा पुन्हा कमी होतं.

एक गोष्ट कधीच करू नका. अल्टरनेटर चालतो का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची जुन्या मिस्त्रींची पद्धत आहे. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं. जुन्या डिझेल जीपमध्ये ते खपून जायचं. इंजेक्शनच्या जिप्सीत किंवा सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) थारमध्ये त्याने ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जातो, आणि ईसीयूच्या किमतीत कितीतरी बॅटऱ्या येतात.

पाचवी: व्होल्ट कुठे पडतो ते पकडणं

सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपताना पेंचच्या सिल्लारी गेटकडची एक सफारीची जिप्सी आली. मालकाने दोन वर्षांत तिसरी बॅटरी टाकली होती, सेल्फही एकदा बांधून आणला होता. बॅटरी १२.५ दाखवत होती. मी मीटरची एक दांडी निगेटिव्ह खांबाच्या शिशावर दाबली, टर्मिनलवर नाही, खांबावर. दुसरी इंजिनच्या घासून पांढऱ्या केलेल्या धातूवर. मालकाला म्हटलं, मारा सेल्फ. आकडा आला १.७.

खांब आणि इंजिन दोन्ही निगेटिव्ह. दोघांत फरक जवळजवळ शून्य हवा. सेल्फ फिरताना ०.२ पर्यंत चालतो, ०.५ म्हणजे खराब. इथे १.७ व्होल्ट वाटेतच गळत होते. सेल्फ शंभर अँपिअर ओढत असेल तर १७० वॅट अर्थच्या वायरीत उष्णता होऊन जात होते.

मग दांडी एकेक पायरी मागे घ्यायची: खांब ते टर्मिनल, टर्मिनल ते वायर, वायर ते तिचं लग (टोकाची धातूची कडी), लग ते बोल्ट, बोल्ट ते इंजिन. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद सेल्फ, मध्ये थोडी विश्रांती. ज्या पायरीवर आकडा उडी मारतो तिथेच दोष. या जिप्सीत दोन ठिकाणी होता. गिअरबॉक्सकडच्या टोकाला, लगच्या गळ्याशी, वायर बाहेरून धडधाकट होती, फक्त दाबली की कुरकुरायची. ब्लेडने रबर चिरलं तर आतून हिरवी भुकटी सांडली. तारांच्या झुपक्यात चमकणाऱ्या तारा मोजून सात उरल्या होत्या. दुसरं टोक बॉडीला होतं, आणि तिथे सीझनआधी मारलेल्या अंडरबॉडी कोटिंगच्या थरावर बोल्ट घट्ट केला होता. डांबरासारख्या त्या थरातून करंट जाणार कसा?

नवी वायर, दोन लग, बोल्टखालची जागा घासून पांढरी केली, वरून ग्रीस. आकडा ०.०९ वर आला. बांधून आणलेला सेल्फ निष्पाप होता, आधीच्या दोन बॅटऱ्याही बहुधा निष्पाप होत्या. मालक बराच वेळ ती सात तारांची वायर हातात धरून बघत बसले होते.

पॉझिटिव्ह बाजू अशीच बघा: पॉझिटिव्ह खांब ते सेल्फवरचा जाड नट, सेल्फ फिरताना. ०.५ च्या आत हवं. मागचे दिवे एकमेकांत मिसळत असतील (ब्रेक दाबला की पार्किंगचेही मिणमिणतात तसे) तर दिव्याच्या होल्डरची अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यात, दिवा लावून, हीच मोजणी करा. आपल्याकडची काळी माती होल्डरमागे चिकटते, ओल धरून ठेवते आणि अर्थचा स्क्रू गंजवते. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा पाण्याचा मारा कनेक्टरवर थेट घेऊ नका, तेच पाणी आत शिरून हा गंज चढवतं.

सहावी: उभ्या गाडीत करंट कोण खातो

अर्थ ठीक, चार्जिंग ठीक, तरी चार दिवस उभी राहिली की बसते. मग निगेटिव्ह सोडा, मीटर १० अँपिअरवर लावून खांब आणि सोडलेली वायर यांच्यामध्ये धरा. या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. सगळं बंद, दारं लावलेली. ०.०५ अँपिअरपर्यंत ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वाटेवर चोर आहे. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा नंतर लावलेलाच असतो: थेट बॅटरीवरून घेतलेला मोबाइल चार्जर, जीपीएस ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम. एकही फ्यूज काढून फरक पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा. आकडा पडला तर त्याचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गळतो आहे.

आता साधा हिशेब करा. ०.०५ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. जुलै ते सप्टेंबर ९२ दिवसांत ११० अँपिअर-तास. जिप्सीची बॅटरी त्याच्या निम्म्यानेही नसते. म्हणजे अगदी निरोगी गाडीही पावसाळाभर उभी राहिली तर बसणारच, आणि रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट होऊन ती कामातून जाते. गेट बंद झालं त्या दिवशी निगेटिव्ह काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा. सफारीवाल्यांनो, एवढ्या एका सवयीने बॅटरीचं वर्ष-दीड वर्ष वाढतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माल घेताना

वायर तांब्याचीच घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर जाड, मऊ आणि स्वस्त मिळते, जंप केबलमध्ये तर सर्रास. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत द्या. लग क्रिंपिंगच्या मोठ्या पकडीने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नको. वर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट श्रिंक नळी बसवा म्हणजे ओल तारांत चढत नाही. काळी चिकट टेप बॉनेटखाली वापरू नका. मे महिन्यात तिचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि उघडा सांधा धुळीत लोळतो.

हेडलाइटचा साधा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दोन्ही मिळून नऊ-दहा अँपिअर झाले. लोक १००/९० चे बल्ब लावतात. तेव्हा सोळा-सतरा अँपिअर त्याच जुन्या स्विचमधून जातात आणि स्विच आतून जळतो, होल्डर तपकिरी होऊन ठिसूळ होतो. माझं मत स्पष्ट आहे: बल्ब मूळ वॅटचाच ठेवा आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) लावा. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून फ्यूजमार्गे २.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, ८७ वरून बल्ब, ८५ ला अर्थ, ८६ ला जुन्या स्विचची वायर. स्विचमधून मग अँपिअरचा पाचवा हिस्सा जेमतेम जातो आणि बल्बला पूर्ण व्होल्ट मिळतो. साठ वॅटचा बल्बही त्याने डोळ्यांना जाणवेल इतका उजळतो.

फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत बसवा. तो वायर वाचवायला असतो, म्हणून वायरीच्या कुवतीप्रमाणे घ्या. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. पिवळा उडतो म्हणून हिरवा टाकला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते. विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची मोटर) लावणार असाल तर पूर्ण ताकदीला तो कित्येकशे अँपिअर ओढतो. त्याच्यासोबत आलेलीच जाड वायर वापरा, मध्ये कट-ऑफ स्विच ठेवा.

बॅटरी घ्यायचीच वेळ आली तर मूळ साइज, मूळ अँपिअर-तास, आणि टर्मिनल डावं-उजवं त्याच बाजूला बघून घ्या. तारीख बघा, दुकानात सहा महिने पडलेली नको. आणि ती बांधायची पट्टी नक्की लावा. आमच्याकडे येणाऱ्या किती गाड्यांत बॅटरी नुसती ठेवलेली असते! खडकाळ रस्त्यावर ती उड्या मारते आणि आतल्या प्लेटा तुटतात.

इथे थांबा आणि मिस्त्रीला बोलवा

फ्यूज बदलला की लगेच पुन्हा उडतो: वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे, तिसरा फ्यूज टाकू नका. जळक्या रबराचा वास, पण जागा सापडत नाही: निगेटिव्ह काढा आणि गाडी टो करून आणा. बॅटरी फुगलेली आहे, किंवा चार्जिंग पंधराच्या वर आहे. डॅशखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसतात: त्या एअरबॅगच्या असतात, त्यांना टेस्ट लॅम्प कधीही लावू नका. नव्या थारमध्ये इंजिनचा दिवा पेटला असेल तर स्कॅनरशिवाय वायर तोडू नका. गाडी नाल्यात बसून पाणी डॅशपर्यंत चढलं असेल तर ‘वाळली की बघू’ म्हणून किल्ली फिरवू नका. आणि चेसिसला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा.

मिस्त्रीकडे जाताना एका कागदावर तुमचे आकडे लिहून न्या: सकाळचा व्होल्ट, सेल्फ फिरतानाचा, चार्जिंगचा, अर्थवरचा फरक, आणि गाडीत नंतर काय काय लावलं त्याची यादी. असा कागद घेऊन आलेल्या माणसाची गाडी मी तासाभरात परत देतो. नुसतं “बॅटरी बसते” म्हणून आलेल्या गाडीला अर्धा दिवस लागतो, कारण हे सगळं मला पहिल्यापासून मोजावं लागतं.